बल, गुरुत्वाकर्षण आणि गती: घरातल्या सामानावर सहावी ते आठवीचं विज्ञान पक्कं करायचं कसं

सहावीला गतीचे आणि बलाचे प्रकार, सातवीला गती, बल व कार्य, आठवीला बल व दाब. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय असा तीन वर्षांत वाटून येतो. पुढे नववीत न्यूटनचे नियम आणि दहावीत गुरुत्वाकर्षण आलं की बरीच मुलं अडतात, आणि आपल्याला वाटतं सूत्रं पाठ नाहीत. अडचण बहुतेक वेळा जुनी असते. ‘वस्तू चालती ठेवायची तर तिला सतत कोणीतरी ढकललं पाहिजे’ ही समजूत मनात घट्ट बसलेली असते. पॅडल मारायचं थांबवलं की सायकल थांबते हे रोज डोळ्यांना दिसतं, त्यामुळे ती खोटी वाटत नाही. ती काढून तिथे दुसरी बसवायची आहे: बल गती टिकवत नाही, बल गती बदलतं. खालचे प्रयोग त्यासाठीच आहेत आणि त्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे.

सामान साधं आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी पाऊण इंची पीव्हीसी केसिंग पट्टी (वरचं झाकण नको, फक्त खालची पन्हळ), चार-पाच काचेच्या गोट्या, कॅरमच्या सोंगट्या, रुंद रबरबँड, नायलॉनचा दोरा, पाच मोठे नट, प्लॅस्टिकचा ग्लास, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच असलेला मोबाइल. नट नाशिकला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे कुठेही सुटे मिळतात. पाचही एकाच मापाचे घ्या.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

बाजारात आपण ‘दोन किलो वजनाचे कांदे’ म्हणतो. पुस्तकाच्या भाषेत ते दोन किलो म्हणजे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी त्या कांद्यांना ज्या बलाने ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात: २ गुणिले ९.८, म्हणजे १९.६ न्यूटन (९.८ हे पृथ्वीचं गुरुत्व त्वरण, पुढे दोरा-नटाने तेच मोजायचं आहे). तसंच आपण ताकद, जोर, शक्ती, बल हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानात शक्ती म्हणजे काम किती झपाट्याने झालं ते, आणि बल वेगळं. मुलाला ‘तुझं चुकलं’ म्हणू नका. बोलीत तो शब्द बरोबरच आहे. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करून ‘बाजारात’ आणि ‘प्रयोगशाळेत’ असे अर्थ लिहायला लावा, तेवढं पुरतं.

चाल आणि वेग यांचंही तसंच. अंतर (एकूण चाललो ते) आणि विस्थापन (निघालो तिथपासून पोहोचलो तिथपर्यंत सरळ रेषेत) समजलं की हा फरक आपोआप कळतो, आणि त्याला नाशिककरांकडे तयार उदाहरण आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची छोटी प्रदक्षिणा सुमारे २० किलोमीटरची होते. जिथून निघालो तिथेच परत, म्हणून अंतर २० किलोमीटर आणि विस्थापन शून्य. पाच तास लागले तर सरासरी चाल ताशी ४ किलोमीटर, सरासरी वेग शून्य. पाय दुखले तरी शून्यच.

एककांसाठी एकच युक्ती पाठ करून घ्या: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बाकी सगळं ‘गुणिले ५ भागिले १८’ने निघतं, आणि उत्तर पटण्यासारखं आहे का ते या ३६ आणि १० शी ताडून पाहता येतं.

गोटी आणि पट्टी

पट्टीचं एक टोक पुस्तकांवर १० सेंटिमीटर उंच ठेवा, दुसरं फरशीवर. गोटी पट्टीवरच्या ठरावीक खुणेपासून सोडा. सोडा, ढकलू नका: गोटीपुढे मोजपट्टी आडवी धरून ती झटकन वर उचलली की प्रत्येक वेळी सारखीच सुटते. खाली आलेली गोटी आधी गोधडीवर, मग सतरंजीवर, मग नुसत्या फरशीवर किती लांब जाते ते मोजा. प्रत्येक पृष्ठभागावर पाच-पाच वेळा. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत छोटं माप सोडून द्या, उरलेल्या तिघांची सरासरी घ्या.

गोधडीवर गोटी लगेच अडते, सतरंजीवर थोडी पुढे जाते, फरशीवर खोली ओलांडते. आता प्रश्न असा विचारा: तिन्ही वेळा गोटी तेवढ्याच वेगाने खाली आली, मग फरक कशाने पडला? गोटीला पुढे ढकलणारं कोणीच नव्हतं, मागे ओढणारं मात्र होतं. फरशीपेक्षाही गुळगुळीत, मग त्याहून गुळगुळीत, असं करत शेवटी घर्षण शून्य झालं तर? हे उत्तर मुलाने स्वतः द्यावं. इथे घाई केली तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

यात बिघडतं ते पट्टी आणि फरशी यांच्या सांध्यात. पट्टीच्या तळाच्या जाडीमुळे गोटी उडी मारते, वाकडी जाते. सांध्यावर जाड कागदाचा तुकडा चिकटवून उतार सलग करा. गोधडीच्या वेळी पट्टीचं टोक गोधडीच्या वर टेकवा, नाहीतर गोटी गोधडीच्या कडेलाच आपटते आणि आपण घर्षण नव्हे, टक्कर मोजत बसतो. उतार बदलला जाणार असेल तर मागची पुस्तकंही तेवढीच वर घ्या.

तीच पट्टी आता त्वरणासाठी, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते पाहायला. उतार अगदी कमी करा: १६० सेंटिमीटर लांबीला ५ सेंटिमीटर उंची. पट्टी मधे झोल खाते, म्हणून खाली सरळ फळी हवीच. वरून ४० सेंटिमीटरवर एक खूण आणि १६० वर दुसरी. गोटीला ४० सेंटिमीटर जायला सुमारे २ सेकंद लागतात. १६० जायला किती लागतील, हे आधी लिहून घ्या आणि मगच मोजा. बहुतेक मुलं ८ लिहितात. येतात सुमारे ४. चौपट अंतर, दुप्पट वेळ. गोटी पट्टीच्या कडांना घासते, त्यामुळे आकडे थोडे जास्तच येतील, पण दुपटीचं नातं टिकतं. टिकलं नाही तर फळी तपासा, बहुधा मधे खड्डा असतो.

उतारावर गोटीवर सतत बल आहे, म्हणून वेग सतत वाढतोय. फरशीवर आल्यावर पुढे ढकलणारं बल संपलं, पण गोटी थांबली नाही. ही दोन वाक्यं मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिली की निम्मं काम झालं.

जडत्व

बल लागल्याशिवाय वस्तू आपली स्थिती बदलत नाही, हेच जडत्व. ग्लासवर खेळातला पत्ता, पत्त्यावर नाणं, टिचकीने पत्ता उडवायचा आणि नाणं ग्लासात पडतं: हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. न जमण्याचं कारण मात्र क्वचितच सांगितलं जातं. पत्ता हळू सरकवला तर घर्षणाला नाणं ओढून न्यायला पुरेसा वेळ मिळतो आणि नाणं पत्त्याबरोबर जातं. टिचकी पत्त्याच्या कडेला, अगदी आडवी बसली पाहिजे. खालून बसली तर पत्ता नाण्याला उचलतो. कॅरमवर हे जास्त मजेदार होतं. पाच सोंगट्यांचा मनोरा रचा आणि सर्वांत खालची सोंगटी जोरात उडवा. स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जाड असेल तर तो वरच्या सोंगटीलाही लागतो आणि मनोरा कोसळतो. अशा वेळी दुसरी सोंगटीच मारायला वापरा. पावसाळ्यात बोर्ड दमट असतो, पावडर जास्त लागते.

बल मोजायचं

ताणकाटा विकत मिळतो, पण एकदा घरी बनवावाच. रुंद रबरबँड खिळ्याला अडकवा, खाली दोऱ्याने प्लॅस्टिकचा ग्लास टांगा, रबरबँडच्या खालच्या टोकाला सेफ्टी पिन लावून तिचं टोक मोजपट्टीवर येईल असं करा. रिकाम्या ग्लासची जागा म्हणजे शून्य. मग दर वेळी ५० मिलिलिटर पाणी ओता आणि खूण करा. ५० मिलिलिटर पाण्याचं वस्तुमान ५० ग्रॅम, म्हणजे वजन जवळजवळ अर्धा न्यूटन. १०० मिलिलिटरला १ न्यूटन, फार तर दोन टक्क्यांची चूक, आपल्या काट्याला ती दिसणारही नाही. एक न्यूटन म्हणजे केवढं, हे हाताला कळायचं असेल तर तो १०० मिलिलिटरचा ग्लास तळहातावर धरायला द्या.

रबरबँडची खोड अशी की चढताना आणि उतरताना तो एकच आकडा दाखवत नाही. पाणी कमी केल्यावर तो पूर्ण आत येत नाही. म्हणून आधी त्याला दहा-बारा वेळा ताणून सैल करा, खुणा चढत्या क्रमाने करा आणि मोजतानाही बल वाढवत नेऊन वाचा. खुणा सारख्या अंतरावर नसल्या तरी घाबरू नका, रबर स्प्रिंगसारखा सरळ वागत नाही.

काटा तयार झाला की कंपास बॉक्समध्ये सामान भरून तो टेबलावर आडवा ओढा. हलायच्या ऐन क्षणी काटा जास्त दाखवतो आणि बॉक्स सरकू लागला की थोडा उतरतो. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं, ते हेच. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर सगळ्यांत अवघड का, याचं अर्धं उत्तर इथे आहे (उरलेलं अर्धं जडत्वात). मग बॉक्स एकसारख्या चालीने ओढताना विचारा: आता निव्वळ बल किती? ‘ओढतोय तेवढं’ हे उत्तर आलं तर परत गोटीकडे जा. चाल बदलत नाही म्हणजे आपलं ओढणं आणि घर्षण सारखे आहेत, निव्वळ बल शून्य.

सायकलचंही तसंच. सपाट रस्त्यावर एकसारख्या चालीने जाताना आपण पॅडल मारतो ते हवा आणि घर्षण मागे ओढतात तेवढं भरून काढायला. चढ आला की हिशोब बदलतो. मुंबईहून नाशिकला येणारी रेल्वे कसारा ते इगतपुरी घाट चढते, तिथला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १००० टनांची गाडी धरा. तिचं वजन ९८ लाख न्यूटन. चढावर त्याचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन, गाडीला मागे खेचत राहतो. म्हणून कसाऱ्याला जादा इंजिनं, रेल्वेवाल्यांच्या भाषेत ‘बँकर’, लावावी लागत आली आहेत. खिडकीतून हे दिसलं की मुलाला गाडीच्या टनांना ३७ ने भागायला सांगा. उताराची पायरी-पायरीची सूत्रं त्यानंतर सोपी जातात.

पडणं

जड वस्तू आधी पडते का? वही आणि सुटा कागद एकाच वेळी सोडा: वही आधी. कागदाचा घट्ट बोळा करून सोडा: जवळजवळ एकदम. शेवटी वहीवर कागद ठेवून सोडा. कागद वहीपेक्षा चारही बाजूंनी आत असला पाहिजे, बाहेर डोकावला तर हवा त्याला उचलते. आता दोन्ही एकत्र येतात. कागदाचं वस्तुमान तिन्ही वेळा तेच होतं, बदलली ती हवेची अडवणूक. अपोलो १५ मोहिमेत १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, दोन्ही बरोबर पडली.

पडताना वेग वाढतो, हे कानाने ऐकवता येतं. हा सगळ्यांत सुंदर प्रयोग आहे, वेळ काढून करा. दोऱ्याच्या टोकाला पहिला नट बांधा. त्यापासून ४०, ८०, १२० आणि १६० सेंटिमीटरवर बाकीचे. प्रत्येक नटाच्या वर आणि खाली गाठ मारा, नाहीतर तो घसरतो. पत्र्याचा डबा उपडा ठेवा, पहिला नट त्याला जेमतेम टेकेल असा दोरा सरळ उभा धरा आणि सोडा. आवाज येतो तो टक…टक..टक.टक, शेवटाकडे घाई होत जाणारा. आता अंतरं बदला: टोकापासून १०, ४०, ९० आणि १६०. या वेळी आवाज सारख्या अंतराने येतात, साधारण दर ०.१४ सेकंदाला. अंतरं १, ४, ९, १६ च्या पटीत आहेत, म्हणजे वर्ग. गोटीच्या पट्टीवर जे दिसलं तेच हे.

नट पत्र्यावर उड्या मारून भलतेच आवाज काढतात. डब्यावर वर्तमानपत्राची एक घडी टाकली की उड्या थांबतात आणि आवाजही राहतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून लहरीचं चित्र पाहिलं तर टोकं मोजता येतात. उंची कमी पडली तर मोठ्या माणसाने दोरा धरावा, मुलाला टेबलावर चढवू नये.

स्टॉपवॉचने थेट पडण्याचा वेळ मोजायला जाऊ नका. दीड मीटरवरून वस्तू साधारण ०.५५ सेकंदात पडते आणि बोट दाबायलाच ०.२ सेकंद जातात. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेणारी स्लो-मोशन सोय असेल तर तीच वस्तू सुमारे १३३ चित्रांत खाली येते, तो आकडा विश्वासाचा.

दोरा आणि नट घेऊन नाशिकचं गुरुत्व त्वरण

पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) लिहिलेलं असतं. विषुववृत्तावर ते ९.७८, ध्रुवांवर ९.८३. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान.

दाराच्या चौकटीला खिळा मारून दोऱ्याला नट टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. फक्त दोरा मोजला तर चुकलं. पंखा बंद. नट बाजूला १५ सेंटिमीटरहून जास्त ओढू नका आणि सोडताना ढकलू नका. एक-दोन झोके जाऊ द्या. मग नट एका टोकाला आला की ‘शून्य’ म्हणत घड्याळ सुरू करा आणि तो त्याच टोकाला परत आला की ‘एक’. वीस झोक्यांना सुमारे ४०.२ सेकंद लागायला हवेत. एका झोक्याचा वेळ काढा, त्याचा वर्ग करा आणि ३९.५ ला त्याने भागा. (लांबी १ मीटर नसेल तर ३९.५ ला आधी मीटरमधल्या लांबीने गुणा.)

उत्तर १०.८ च्या आसपास आलं तर सुरुवातीला ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं गेलं आणि १९ च झोके मोजले. ८.९ आलं तर २१ मोजले. लांबीत १ सेंटिमीटरची चूक म्हणजे उत्तरात ०.१ ची चूक, म्हणून नाशिक आणि ध्रुव यांतला फरक घरच्या दोऱ्याने दिसेल अशी आशा धरू नका. ९.७ ते ९.९ मध्ये आलं तर छान. नटाऐवजी दोन नट बांधूनही करा; वेळ बदलत नाही हे पाहून मुलं हमखास चकित होतात. फक्त दोन नटांचा मध्य खाली सरकतो, तेवढा दोरा आखूड करावा लागतो.

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं’

असतं. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकावर गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास असतं, जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम अकरा-बारा टक्के कमी. तिथली माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि माणसं दोन्ही एकत्र पडत असतात. बाजूला जाण्याचा वेग इतका की पडता पडता पृथ्वी खाली वाकत जाते. हे दाखवायला प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. धार लागली की बाटली अंगणात उंचावरून सोडा. पडत असताना धार थांबते. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडतात, म्हणून पाणी भोकावर दाब देत नाही. झाकण लावलेलं असेल तर धार आधीच मंदावते आणि प्रयोग फसतो. रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उडी मारणाऱ्याच्या पोटात काठ सुटल्यापासून पाणी लागेपर्यंत गोळा येतो, तोही याच जातीचा.

चंद्रावर १ किलो साखर १ किलोच राहते, वजन ९.८ ऐवजी सुमारे १.६ न्यूटन होतं. मुलाला विचारा, दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर काय दाखवेल? १ किलोच, कारण दुसऱ्या पारड्यातलं मापही तेवढंच हलकं झालं. ताणकाटा मात्र सहावा हिस्सा दाखवेल.

क्रिया आणि प्रतिक्रिया

इथे परीक्षेतही चूक होते आणि शिकवतानाही. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा आधार वर, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. ती संतुलित बलं. जोडी ओळखायची तर वाक्य उलटं करून पाहा: ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’ याचं उलट ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’. वाक्यातल्या दोन वस्तू फक्त जागा बदलतात. तसं होत नसेल तर ती जोडी नाही.

फुग्याचा प्रयोग करायचा असेल तर दोरा ५ मीटर, दोन खिडक्यांमध्ये घट्ट ताणलेला, झोल अजिबात नको. बांधण्याआधी त्यात स्ट्रॉ ओवा, फुगवलेला लांबट फुगा दोन ठिकाणी टेपने स्ट्रॉला चिकटवा, तोंड बोटात धरून सोडा. फुगा बाहेरच्या हवेला ढकलून पुढे जातो असं मुलं सांगतील. प्रत्यक्षात तो आतली हवा मागे ढकलतो आणि ती हवा त्याला पुढे ढकलते. म्हणूनच हवा नसलेल्या चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम यान उतरलं ते इंजिनांच्या जोरावर. पॅराशूटचा तिथे उपयोगच नव्हता. फुगा मधेच गरगर फिरला तर टेप एकाच ठिकाणी लागलेली असते, दुसरी लावा.